चावीवाल्याची लाडकी आठवण

“किल्ली फिरली, खट् आवाजही झाला, पण दार काही हलेना,” चावीवाला म्हणाला आणि खोलीत हशा पिकला.

दारू सोडलेल्यांची ती बैठक. नवा माणूस आला की एखाद्या जुन्याने आपली सर्वांत वाईट आठवण सांगायची, असा तिथला शिरस्ता. नव्याला धीर येतो आणि जुन्याला विसर पडत नाही. चावीवाल्याची आठवण सगळ्यांना पाठ होती, तरी फर्माईश तिचीच व्हायची. शहरातली यच्चयावत कुलपं उघडणारा माणूस पिऊन घरी येतो काय, स्वतःच्याच दारापुढे हात टेकतो काय आणि पायपुसण्यावर झोपतो काय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण सांगून सांगून आठवण गुळगुळीत झाली होती. पूर्वी सांगताना तो अर्ध्यावरच अडायचा. आता कुठे थांबलं की लोक हसतात, तेवढंच तो बघायचा. अलीकडे तर त्याला वाटायला लागलं होतं, आपण काही तसले दारुडे नव्हतो बुवा. कुणाच्या अध्यात ना मध्यात, दाराबाहेर निजणारा गरीब गडी. आज बैठकीनंतर जुन्या दोस्ताकडे मैफल होती. एखादा पेग घेतला तर काय आभाळ कोसळणार आहे? येताना त्याने बायकोला तसं विचारलंही. ती फक्त चपला घालून त्याच्याबरोबर निघाली, पहिल्यांदाच, आणि मागच्या खुर्चीवर येऊन बसली.

“काका, पण दार का नाही उघडलं?” नव्याने आलेल्या ड्रायव्हरने विचारलं. तो एकटाच हसला नव्हता.

“तेच तर कोडं आहे राव.”

खरंच कोडं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने कुलूप खोलून पाहिलं होतं. स्प्रिंग ठणठणीत, किल्लीचे दाते शाबूत. नशेत हात चुकला म्हणावं, तर तो खट् आवाज त्याला स्वच्छ आठवत होता. दुकानात बसल्या बसल्या त्याने यावर कितीदा तरी डोकं खाजवलं होतं.

“एवढी कुलपं पाहिली, पण या एकाने मला चकवलं.”

“कुलूप उघडलं होतं,” बायको मागून म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

“आतली कडी तुम्ही आदल्या रात्रीच उचकटून टाकली होती. ती रात्र तुम्हाला आठवत नाही. आम्हाला आठवते. म्हणून त्या दुसऱ्या रात्री मी आतून दाराला पाठ लावून उभी राहिले. एकटीचा जोर पुरेना, तेव्हा पोरीला झोपेतून उठवून शेजारी उभी केली. तुम्ही दारू सोडलीत, म्हणून आजवर बोलले नाही.”

चावीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैठक संपली, लोक उठले, तरी त्याच्याकडे बघायचं कुणाला धाडस होईना. बाहेर आल्यावर त्याने दोस्ताला फोन केला. “माझी वाट बघू नकोस,” एवढंच म्हणाला.

दोघं घराकडे चालू लागली. घराच्या वळणावर त्याने विचारलं, “पोरगी तेव्हा काही म्हणाली होती का गं?”

“कशाला विचारता आता?”

“पुढच्या वेळी मला सगळं सांगायचंय.”

बायको थांबली.

“म्हणाली, ‘आई, बाबांना कुठलंही कुलूप उघडता येतं ना?’”