मशिनीले झापड येत नाही

भुरीबाईची दोन बोटं रेच्यात गेली, तशी दौलतसिंग मिस्त्रीनं दांड्यानं पट्टा पाडला. कापसातून सरकी काढणारं ते यंत्र थांबलं. अनसिंगच्या त्या जिनिंग कारखान्यात बाकीचे अकरा रेचे चालूच होते. त्यामुळे भुरीबाईची किंकाळी शेजारी उभ्या असलेल्या जमनाबाईलाच तेवढी ऐकू आली. तिनं भुरीबाईला धरून खाली बसवलं.

मॅनेजर नेमीचंद धावत आला.

"पट्टा कोनं पाडला?"

"म्या," दौलतसिंग म्हणाला. "बाईचा हात अडकला व्हता."

"अन् रूळ फाटला असता तं? मागच्याच महिन्यात मुंबईहून आनला."

जमनाबाईनं फडकं मागितलं. नेमीचंदनं तेल पुसायची काळी चिंधी तिच्याकडे फेकली. मग खिशातला धुतलेला रुमाल काढून तो रेच्यापुढे उकिडवा बसला आणि चामड्याचा रूळ पुसू लागला. हळूहळू, लेकराचं तोंड पुसावं तसा. रुळाला चिकटलेलं काहीतरी त्यानं नखानं सोडवलं आणि सरकीच्या ढिगात झटकलं.

जमनाबाईनं ती चिंधी भुरीबाईच्या हाताला गुंडाळली.

भुरीबाईला बैलगाडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात धाडलं. गाडी फाटकाबाहेर पडत नाही तोच पट्टा पुन्हा चढला. आधी रुई गुलाबी आली, मग मळकट, मग पांढरीशुभ्र.

"पाह्य, झाला साफ," नेमीचंद म्हणाला. "जमना, तू उभी राय याच्यावर. तुहा हात चपळ हाय."

"भुरीचं काय चुकलं, नेमीचंदजी?"

"सकायपासून उभी व्हती, झापड आली असन. मशिनीले येते का झापड? तिच्यासंगं काम करा लागते तं तिच्यावानी करा."

जमनाबाई रेच्यापाशी गेली. तिनं वाकून मूठभर रुई उचलली, हुंगली. तेलाचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता.

ती त्या रुईच्या ढिगावर थुंकली.

"अवं! माल खराब केला!" नेमीचंद ओरडला.

"भुरीच्या रक्तानं नाही झाला, अन् माह्या थुंकीनं झाला?"

ती तशीच फाटकाकडे चालू लागली. तिला कोणी अडवलं नाही. नेमीचंद ढिगावर वाकून थुंकी लागलेली रुई चिमटीनं वेचत होता. बाकीच्या रेच्यांवरच्या बाया हात पदरात गुंडाळून त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या.