ढिला दोर

"ओदवार, दोर ढिला आहे! ओढ ना!"

सिग्रुन गोठलेल्या धबधब्याच्या मध्यावर होती. दोन्ही हातांतल्या कुऱ्हाडी बर्फात रोवलेल्या, बुटांचे लोखंडी दात बर्फात, आणि पोटासमोर दोराचा लोंबता झोळ. तिच्या कमरेपासून दोर कड्याच्या माथ्यावर ठोकलेल्या साखळीतून फिरून खाली नवऱ्याच्या हातात गेला होता. तिने चढायचं, त्याने ढील ओढून घ्यायची. पंचवीसेक वर्षं तो हे काम झोपेतही करू शकेल अशा सफाईने करत आला होता.

"वर अडकलाय कुठेतरी," खालून आवाज आला. "लटकू नकोस हं. लटकलीस तर धाडकन खाली येशील."

"मग सोडव की!"

"तू चढ. आपोआप सुटेल."

तिने दात-ओठ खाल्ले. सकाळपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. र्‍युकानच्या या दरीत येताना गाडीतच तिला कळलं होतं, डोंगरातली त्यांची केबिन त्याने भावाला द्यायचं कबूल करून टाकलं होतं. केबिन त्याच्या आईची, हे खरं. पण तिच्या भिंती सिग्रुनने रंगवल्या होत्या, छपरावरचं बर्फ दर हिवाळ्यात सिग्रुनने ओढून काढलं होतं, आणि तिला साधं विचारलंही नव्हतं. धबधब्याच्या पायथ्याशी दोघांनी एक अक्षर न बोलता सामान काढलं होतं. ती चढू लागली तरी तो गप्पच होता. मघाशी ती खालच्या बाजूच्या एका निळ्या बर्फाच्या फुगवट्यावर पोचली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. तेव्हापासून टकळी थांबत नव्हती.

"डावी कुऱ्हाड नीट बसव. अजून एकदा मार. हां."

"मला शिकवतोस? क्लबात नवशिक्यांना मी शिकवते!"

"मग शिकवतेस तशी चढ."

बर्फ आज काचेसारखं ठिसूळ होतं. घाव घातला की ताटाएवढे तुकडे सुटून खाली जात. या दरीत ऊन उतरायला मार्च उजाडतो, त्यामुळे थंडी हाडात शिरलेली. पोटऱ्या थरथरायला लागल्या. मुठी इतक्या आखडल्या की कुऱ्हाड हातात आहे की नाही, हे बघून ठरवावं लागत होतं.

"ओदवार, मी दमले. जरा बसते दोरावर."

"बसतेस कसली! म्हातारी झालीस काय?" तो ओरडला. एवढ्या मोठ्याने तो कधी बोलत नसे. "या वयात माझी आईसुद्धा एव्हाना वर पोचून कॉफी पीत बसली असती!"

"तुझ्या आईचं नाव काढू नकोस आज!"

"काढणार! तिची केबिन आहे, मी वाटेल त्याला देईन!"

सिग्रुनच्या कानशिलात रक्त उसळलं. तिने कुऱ्हाड अशी हाणली की तोंडावर बर्फाचा चुरा उडाला. मग दुसरी. मग पाय. वर जायचं, खाली उतरायचं, आणि याच्या तोंडावर सांगायचं की गाडीची किल्ली दे, तू बसने ये. दमणं-बिमणं ती विसरूनच गेली. शेवटचे काही घाव तिने रागाच्या जोरावर घातले आणि साखळीपाशी पोचली.

"आधी कडी अडकव!" खालून हाक आली. "कमरेच्या पट्ट्याची कडी, साखळीत! दुसरं काही करू नकोस. आवाज ऐकू दे मला!"

लहान पोराला सांगावं तसं. तिने मुद्दाम जोरात कडी आपटून अडकवली. खट्.



तिने पट्ट्यावर भार टाकला, हात झटकले, बोटांत रक्त परत आलं तशी कळ सोसली. मग उतरण्यासाठी दोर तपासायला म्हणून तिने कमरेकडे पाहिलं.

गाठ नव्हती.

दोराचं टोक कमरेच्या पट्ट्यातून नुसतं ओवलेलं होतं. ते परत फिरवून गाठ पुरी करायची राहिली होती. उरलेला शेंडा जाकिटाखाली खोचला गेला होता, तेवढ्यावरच तो थांबला होता. तिने दोन बोटांनी ओढला. बुटाची नाडी सुटावी तसा तो अलगद हातात आला.

तिला थंडी वाजायची थांबली. कानात काहीच ऐकू येईना. मग आठवलं. गाठ अर्ध्यावर असताना ती केबिनवरून काहीतरी तोडून बोलायला वळली होती आणि शब्द गिळून हातमोजे शोधायला लागली होती. दर वेळेसारखा तो गाठ बघायला पुढे आला, तेव्हा तिने त्याचा हात झिडकारला होता.

नवी गाठ बांधायला तिला फार वेळ लागला. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग हाक मारली, दोरावर भार टाकला आणि साखळीतली कडी सोडवली. आता तो ताठ होता. कुठेही अडकला नव्हता.

खाली ओदवार गुडघ्यांवर बसला होता. तिचे पाय जमिनीला लागले तरी दोर त्याच्या मुठीतून सुटेना. ओठ पांढरे पडले होते.

"माझी गाठ..." ती म्हणाली.

त्याने मान डोलावली.

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कमरेकडे बघितलं असतंस," तो म्हणाला. "एका हाताने बांधायला गेली असतीस. आणि मी दोर ओढला असता तर तो सुटूनच आला असता."

"कधी दिसलं तुला?"

ओदवारने एक मूठ कशीबशी उघडली आणि वर पाहण्याची हिंमत न करता बोट दाखवलं, धबधब्याच्या जेमतेम एक तृतीयांश उंचीवर, त्या निळ्या फुगवट्याकडे, जिथून तो तिच्याशी बोलायला लागला होता.