ओझं नसलेला खांदा

"हमालाचा खांदा गेला की हमालच संपला," सदरा काढत रंभाजी म्हणाला. आठवडाभर उजवा खांदा ठणकत होता, अंगात तापही होता.

डॉक्टर मृणालिनीने तो खांदा फिरवून पाहिला. सांधा अगदी मोकळा होता. मग तिला डाव्या खांद्यावरचा जाड घट्टा दिसला.

"पोती कुठल्या खांद्यावर घेता?"

"डाव्या. पहिल्यापासनं."

"मग उजवा का दुखतो?"

"घ्या! तेच विचारायला आलो की आम्ही," त्याची बायको द्वारका म्हणाली.

मृणालिनीने उजव्या बरगड्यांच्या मधे बोट दाबलं. रंभाजी कळवळला.

"मध्यंतरी आव पडत होती?"

"होती. पण तिचा अन् खांद्याचा काय संबंध?"

"आवेचे जंतू यकृतात शिरलेत, असं दिसतंय. तिथं पू झाला की कळ खांद्यात उमटते. सोनोग्राफीत कळेलच. यावर चांगली औषधं आहेत. खांद्याला तुमच्या काहीही झालेलं नाही."

रंभाजीने उजवा हात हळूच वर नेला. "म्हंजी पोतं उचलता येईल?"

"बरे झाल्यावर. तोवर आराम."

"गोळ्या मी चारीन," द्वारका डोळे पुसत हसली. "आरामाचं तेवढं तुम्हीच शिकवा, डॉक्टरबाई. यांना तो ठाऊकच नाही."