माणसाला चालत नाही

पहिला घाव काचेच्या दारावर बसला, दुसरा मिस्तरीच्या खांद्यावर.

मिस्तरी म्हणजे तिथला इंजिनिअर. बारीकसारीक पंप आणि नळ्या स्वतःच्या हाताने घडवायचा, म्हणून प्रयोगशाळेत त्याला हेच नाव पडलं होतं. तो टेबलाशी कोसळला आणि हाड मोडल्याचा आवाज बाकीच्या दोघांनी ऐकला. एक म्हातारा जीवशास्त्रज्ञ. मेंढ्यांवर औषधं तपासायचा, म्हणून त्याला मेंढपाळ म्हणत. दुसरी रसायनं बनवणारी बाई. तीन तिगाडा काम बिगाडा, असं मेंढपाळ सकाळी आल्या आल्या म्हणायचा आणि मग तिघं कामाला लागायचे.

आत घुसलेल्या माणसाच्या हातात पहार होती. त्याने दाराशेजारचं लोखंडी कपाट खेचून फुटलेल्या दारात आडवं पाडलं. मग मिस्तरीचं यंत्र फोडलं. मग बाटल्यांची फळी. कडेचा मेंढीचा रिकामा पिंजरा पहारीने उडवला तेव्हा मेंढपाळ पुढे झाला आणि त्याच्या तोंडावर कोपर बसलं. म्हाताऱ्याचे दात ओठातून बाहेर आले.

माणूस एका शब्दानेही ओरडत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बाईला जरा धीर आला असता.

तिने त्याला ओळखलं होतं. समोरच्या इस्पितळातून मागे एकदा तो असाच धावत आला होता, पण तेव्हा हात जोडून. बायको बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. कुठल्याशा नर्सने त्याला सांगितलं होतं की समोर रक्त थांबवणारा लेप बनवतात. लेप फ्रिजमध्ये तयार होता. त्याने एकाही मेंढीला दगा दिला नव्हता. पण माणसावर वापरायची परवानगी नव्हती; वापरला असता तर प्रयोगशाळेला टाळं लागलं असतं आणि तिघंही तुरुंगात गेले असते. हे सगळं दारात उभ्या माणसाला कसं समजवायचं? बाई एवढंच म्हणाली होती, की माणसाला चालत नाही.

त्याने त्याचा अर्थ लावला, की माणसाला त्याचा गुणच येत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं. तिने त्याचा गैरसमज दूर केला नाही. तो मान हलवून परत गेला, आणि संध्याकाळच्या आत बायको गेली.

आता तो बाईसमोर येऊन उभा राहिला. पहारीच्या टोकावरून मिस्तरीच्या शर्टाचा धागा लोंबत होता.

"तुमच्या मेंढ्या जगतात म्हणे," तो म्हणाला. "खरं सांगा. माझी बायको जगली असती?"

"नसती," बाई म्हणाली.

त्याने पहार उचलली. बाईने डोळे मिटले. पण घाव तिच्या डोक्याशेजारच्या काचेच्या कपाटावर पडला, आणि त्या जोरात त्याचा हात कोपरापर्यंत काचेतून आरपार गेला. त्याने तो हिसकून मागे ओढला. रक्ताची चिळकांडी बाईच्या तोंडावर उडाली, मग दुसरी, मग तिसरी, ठोक्यागणिक.

तो मटकन खाली बसला. मेंढपाळाने अंगातला कोट काढून त्याच्या जखमेवर आवळला आणि गुडघ्याने दंड दाबून धरला. कोट बघता बघता लाल झाला आणि कडेने गळायला लागला. बाहेर माणसं जमली होती, आडवं कपाट ढकलत होती. ते चौकटीत रुतून बसलं होतं, तसूभरही हलत नव्हतं.

"हा इथेच संपेल," मेंढपाळ फाटक्या ओठांनी म्हणाला. "फ्रिज उघड."

बाई जागची हलली नाही. तिला परवानगीची आठवणही झाली नव्हती. तिला एवढंच कळत होतं की लेपाने रक्त धरलं, तर तिचं आत्ताचं 'नसती' खोटं होतं हे हा माणूस डोळ्यांनी बघणार. क्षणभर, फक्त क्षणभर, तिला वाटलं की न धरलं तर बरं.

मग तिने फ्रिज उघडला.

तिने जखमेवरचा कोट सरकवला. लेपाच्या जोडसुईच्या दोन नळ्यांतून दोन पातळ द्रव निघाले, टोकाशी एक झाले आणि जखमेत उतरले. बाईने दट्ट्यावर अंगठा दाबून धरला. द्रव पांढरा झाला, घट्ट झाला, कातडीला भिडला. जखमेतून गळणारी धार बारीक झाली. थेंब झाले. थेंबही थांबले.

मेंढपाळाने हळूच गुडघा काढला. मिस्तरी मोडका खांदा धरून सरपटत जवळ आला. आपली तिघांची चीज पहिल्यांदाच माणसाच्या अंगावर बघत होते ते.

माणूसही बघत होता. तोंड कागदासारखं पांढरं पडलं होतं, पण नजर साफ होती.

"हेच का ते?" त्याने विचारलं.

"हो," बाई म्हणाली.

त्याने मान हलवली. मग डावा हात उचलला आणि पाचही नखं लेपात खुपसून ओरबाडायला लागला.

मेंढपाळाने मनगट धरलं. मिस्तरीने चांगल्या हाताने बोटं धरली. बाई त्याच्या छातीवर गुडघे रोवून बसली. मरायला टेकलेल्या माणसात एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे. तिघांनाही तो आवरेना. त्याच्या नखांखाली स्वतःच्याच कातडीच्या साली येत होत्या. लेप तेवढा सुटत नव्हता.