दुसरं नाव

पांढरी वाळू. माणूस एकही नाही.

मिरचीचं पान, कडा वर वळून वाटीसारखं झालेलं.

विसरवाडीचे भरतशेठ झोपेत घोरतात.

पाण्यावर ओणवं झालेलं नारळाचं झाड. खाली सावली, दोघांपुरती.

‘सपत्नीक’. कंपनीच्या मेसेजमधला शेवटचा शब्द.

सकाळपासून पितांबरच्या डोक्यात हे असं चाललं होतं, आगापिछा नसलेलं. धानोऱ्यातलं त्याचं बी-बियाण्यांचं दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक नव्हतं, आणि तो काउंटरमागे उभा राहून मोबाइलवर समुद्रकिनारे सरकवत होता. मक्याचं बियाणं यंदा भरपूर खपवलं म्हणून कंपनी त्याला अंदमानला नेणार होती. दोन माणसांना. बायको जाऊन वर्षं झाली होती. दुसरं माणूस त्याने मनात धरून ठेवलं होतं. लग्नाचं तिला विचारायचं कुठे, तेवढंच ठरत नव्हतं.

नारळाखाली विचारावं, तर तिथे बाकीचे डीलर बायकांचे फोटो काढत फिरणार. होडीत विचारावं, तर ती नाही म्हणाल्यावर होडीतून उतरून जायचं कुठे? त्याला पोहता येत नव्हतं. सूर्य बुडताना विचारावं. पण तिथला सूर्य बुडायला वेळ किती घेतो? तो खुर्चीवर बसला. उठला. सरळच असलेली युरियाची पोती पुन्हा सरळ केली.

फोन वाजला. कंपनीचा माणूस, नाशिकहून.

“काका, दुसरं नाव द्या ना. आज तिकिटं काढतोय.”

“तिथे पोचल्यावर सांगितलं तर?”

“पोचायलाच तिकीट लागतं, काका. कोणी नसेल तर भरतशेठसोबत खोली करतो तुमची. तेही एकटेच आहेत. बघा, परत फोन करतो.”

पितांबरने मोबाइल काउंटरवर ठेवला. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नव्हती. बेटावर नेऊन विचारायचं, तर नेण्याआधीच विचारावं लागणार होतं.

तेवढ्यात सिंधुबाई आली. नवरा गेल्यापासून मिरचीचं शेत एकटीने ओढणारी. खांद्याला कापडी पिशवी, हातात तसंच वाटीसारखं झालेलं पान.

“फुलकिडे लागनात मिरचीले. औसद द्या.”

पितांबरभाऊ म्हणाली नाही. इतकी वर्षं तिच्या प्रत्येक वाक्याआधी ‘भाऊ’ असायचं, आणि प्रत्येक वेळी त्याला घासात खडा आल्यासारखं व्हायचं. आज नव्हतं. की त्यानेच नीट ऐकलं नाही?

“युरिया?”

“युरिया शे घर. नुस्तं औसद.”

त्याने फळीवरून बाटली काढून दिली. तिने ती उजेडात धरली आणि परत सरकवली.

“हाई तननाशक शे. मन्ही मिरची मारशात का?”

तो दुसरी बाटली शोधायला वळला. मोबाइल काउंटरवर उघडाच होता. ती वाकून बघू लागली.

“हाई कोठे शे?”

“अंदमान. बेट शे. कंपनी लई जाई ऱ्हायनी.”

“इतलं पानी, अन् पेवाना कामनं नही.” तिने बोटाने पुढचा किनारा सरकवला, मग त्याच्या पुढचा. “तठे काय काम शे तुम्हनं?”

पितांबरने बाटली पुसली. ती आधीच पुसलेली होती.

“एक गोट इचारानी शे. एक जनले.”

“मंग आठे काबर नही इचारतस?”

“आठे औसदना वास येस.”

“तठे मासास्ना येत व्हई.”

फोन वाजला. नारळाचं झाड स्क्रीनवरून गेलं. पितांबरने घाईने बोट टेकवलं ते स्पीकरवर पडलं, आणि नाशिकचा आवाज दुकानभर झाला.

“काका, नाव देताय, की भरतशेठ फायनल?”

पितांबरने बाटली या हातातून त्या हातात घेतली.

सिंधुबाईने मोबाइल उचलला.

“लिहा,” ती शाळेतल्या मराठीत म्हणाली. “सिंधुबाई भिला पाटील.”

“बरं, ताई. आधार नंबर?”

तिने पिशवीत हात घातला. कार्ड काढलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि एकेक आकडा सांगितला. शेवटचे चार तिने दोनदा सांगितले, पलीकडच्याने न विचारता.

“झालं. पण मधलं नाव काकांचं नाहीये,” तो माणूस म्हणाला. “खोली एकच आहे, म्हणून विचारतो. नातं काय लिहू?”

सिंधुबाईने मोबाइल काउंटरवर ठेवला आणि पितांबरकडे सरकवला, मघाची चुकीची बाटली सरकवली होती तसाच.

“हाई तुम्ही सांगा.”

ती त्याच्याकडे बघत होती. पितांबर काउंटरच्या मागून बाहेर आला. पुढे उभा राहिला. औषधाचा वास होताच.

“हॅलो? काका?”

युरिया न्यायला आधार कार्ड लागतं. फवारणीच्या औषधाला लागत नाही. तरी ती ते घरून घेऊन आली होती.