दोन बोटं कललेली भिंत

मुलीनं माळ्यावरून खेळाचं यंत्र उतरवलं, फडक्यानं पुसलं, वायरी टीव्हीला जोडल्या आणि एक रिमोट बापाच्या मांडीवर ठेवला. बाप लगेच सावध झाला.

"काय फोडलंस?"

"अजून काही नाही. खेळा तर आधी."

टेबलाशी मटार सोलत बसलेली आई गालातल्या गालात हसली. या घरात कबुलीजबाब कधी समोरासमोर दिला गेलाच नव्हता. बाप गवंडी, आवाज चढा. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून खरं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा, आणि दोघांचीही नजर पडद्यावर. शेजाऱ्यांची काच, गणितातला भोपळा, सगळं तिनं याच कोचावर बसून, समोर बघत सांगितलं होतं. आठ वर्षांपूर्वी तर 'कॉलेज नको, मी बांधकामच शिकायला जाणार' हा बॉम्बगोळाही इथूनच टाकला होता. त्या दिवशी खेळातला बापाचा शिपाई सलग तीनदा दरीत पडला. ती शिकायला गेली आणि यंत्र माळ्यावर गेलं.

खेळ होता तसाच होता. झाडं, गाड्या, पहारेकरी, राजवाडा, सगळं खेळण्यातल्या विटांचं. ठोसा मारला की फुटतं, आणि ढिगापाशी बटण दाबून धरलं की विटा टणाटण उड्या मारत आपोआप पूल होतात. बापाचा या प्रकारावर जुना राग.

"ना माल कालवला, ना पाणी मारलं, आणि पूल उभा! अशानंच लोक बिघडलेत."

"डावीकडे, बाबा. डावीकडे. दगडावर कशाला चढताय?"

मुलीला त्याची परवानगी नको होती. कामाची माणसं आता तिच्या हाताखाली होती, काम तिनं घेतलं होतं आणि तिचा हिशोब पक्का होता. पण उद्या ही बातमी बापाला नाक्यावर दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळली, तर तो तिला जन्मभर माफ करणार नाही, हेही तितकंच पक्कं होतं.

पुढे किल्ल्याचं फाटक आलं. दोन साखळ्या, दोघांनी एकाच वेळी ओढून धरायच्या, की फाटक वर जातं. तिची साखळी बरोबर फाटकाखाली लोंबत होती; ती ओढून तिची बाहुली तिथंच उभी होती आणि फाटक अर्धं वर गेलं होतं.

"वाचनालयाच्या अंगणाची भिंत उद्या पाडतेय," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही बांधलेली."

बापाच्या हातून साखळी सुटली. फाटक धाडकन बाहुलीच्या डोक्यावर आदळलं, तिचे सहा तुकडे झाले आणि डोकं गडगडत खंदकात गेलं. एरवी या गमतीवर तो पोट धरून हसायचा.

"माझी भिंत?"

"हो."

"वीस वर्षं झाली तिला. एक तडा दाखव मला."

"तडा नाहीये. कललीय. दोन बोटं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तीन ठिकाणी ओळंबा सोडून बघितला."

"हे हल्लीचे बाजारातले ओळंबे, त्यांच्यावर कुणी..."

"तुमचाच होता, बाबा. पितळेचा."

मटार सोलायचे थांबले. पडद्यावर तिची बाहुली पुन्हा जोडली जाऊन, अंग झटकून उभी राहिली. मुलीनं शब्द मागेही घेतला नाही आणि मऊही केला नाही. "त्या भिंतीला टेकून मुलं वाचत बसतात," एवढंच म्हणाली.

बाप आता उठून जातो की काय, असं आईला वाटलं. पण त्यानं आपला शिपाई हळूहळू साखळीपाशी नेला आणि साखळी ओढून धरली. मुलीनं दुसरी धरली. फाटक वर जाऊ लागलं.

"पाच वर्षांपूर्वी अर्धं बोट होती," तो म्हणाला.

मुलीला वळून त्याच्याकडे बघायचं होतं. तिनं मोठ्या कष्टानं मान समोर ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाया भरताना घाई केली मी. माती ओली होती. कळत होतं, तरी केली. भिंत हललेली दिसली, तेव्हापासून त्या रस्त्यानं जातच नाही. बाजारात जायचं तरी वळसा घालून जातो."

"आणि मला सांगायचा, चालणं गुडघ्यांना चांगलं!" आई म्हणाली.

कुणी हसलं नाही. शिकून परतल्यापासून चार वर्षं मुलगी याच घरात, याच माणसाशेजारी बसून जेवत होती.

"मग मला सांगितलं का नाही, बाबा?"

फाटक पूर्ण वर गेलं होतं, तरी त्यानं साखळी घट्ट धरून ठेवली होती. नजर पडद्यावरच.

"दोनदा उतरवलं होतं मी हे यंत्र, तू कामावर गेल्यावर," तो म्हणाला. "कुठली वायर कुठं लावायची तेच कळेना."