आलोकच्या नावाचं कमिट

राइट टाउनच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात सचिन कोडच्या जुन्या ब्रांच, म्हणजे बाजूला पडलेल्या प्रती, डिलीट करायला बसला आणि एकदम दचकला. "अरे, हे काय? आलोकचं कमिट. आज सकाळी, अकरा चाळीसला!" कमिट म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलाची नोंद; तिच्यावर करणाऱ्याचं नाव आपोआप पडतं.

आलोक वारला त्याला आठ महिने झाले होते.

सगळे स्क्रीनभोवती जमले. हिस्टरी मागे मागे नेली, तर रविवार सोडला तर एकही दिवस न चुकता आलोक कामावर आलेला. मग प्रणालीच्या लक्षात आलं. आलोकचा लॅपटॉप तिला मिळाला होता आणि त्यातलं त्याचं नाव बदलायचं राहूनच गेलं होतं. तिनं लिहिलेली ओळ न् ओळ त्याच्या नावावर चढत होती.

"क्या दीदी, जान ही निकाल दी!" सचिन म्हणाला, तसे सगळे हसले. प्रणालीनंही हसत हसत तिथल्या तिथं स्वतःचं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलोकच्या बायकोचा, दीपा वहिनींचा फोन आला.

"काहून वो प्रणाली, आज यांच्या मोबाइलवर रोजच्यासारखा कमिटचा एकही मेसेज नाही आला? मी तर रोज चार्ज करून ठेवते."

प्रणालीनं लॅपटॉपचं आणि नाव बदलल्याचं सगळं सांगितलं.



"मला माहीत आहे, काम तूच करून राहिली होती. पण रोज नाव तर यांचं येत होतं ना."